काचेचा तंतू आणि घरची बॅटरी

वैशाखातील एक सायंकाळ. दिवसभर तापलेल्या आकाशात ढग जमतात, धुळीचा लोट उठतो आणि पावसाचे चार थेंब पडतात न पडतात तोच वीज जाते. ह्या वादळी पावसास महाराष्ट्रात वळीव म्हणतात, बंगालमध्ये कालबैसाखी म्हणतात. विजेच्या तारांवर होणारा त्याचा परिणाम मात्र दोन्हीकडे एकच असतो. पंखा थांबतो, दिवे मालवतात. घरातील मुलीचा संगणकावर पाठ चालू असतो. संगणक मांडीवर घेण्याजोगा असल्यामुळे त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. तो चालूच राहतो. आईच्या हातातील मोबाइललाही स्वतःची बॅटरी आहे. तरीही पाठ तुटतो आणि शिक्षकांचे चित्र पडद्यावर अर्ध्या शब्दावर गोठून राहते. कारण भिंतीवर टांगलेली एक लहानशी पेटी, जिच्या अंगावर एरवी चार हिरवे ठिपके लुकलुकत असतात, ती विझलेली असते. घरात बॅटरीवाचून राहिलेले दळणवळणाचे असे हे एकच साधन, आणि नेमके सर्वांचे दळणवळण त्याच्यातूनच चाललेले!

अशा वेळी घरातील आजोबा म्हणतात की, आमच्या वेळचा काळा टेलिफोन अंधारातही वाजत असे. हे बोल केवळ गतकाळाच्या कौतुकाचे नव्हेत. टेलिफोन खरोखरच वाजत असे, आणि तो का वाजत असे हे समजून घेतले म्हणजे भिंतीवरची नवी पेटी का विझते ह्याचाही उलगडा होतो.

जुन्या टेलिफोनला घरातील विजेशी काही कर्तव्य नव्हते. त्याला लागणारा प्रवाह दूरध्वनिकेंद्रातून, बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच दोन तांब्याच्या तारांमधून येत असे. केंद्रात शिशाच्या संचायक घटांची रांग मांडलेली असे. हा घट फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते ह्याने १८५९ साली बनविला. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. असे २४ घट एकापुढे एक जोडले म्हणजे ४८ व्होल्ट होतात, आणि हाच दाब जगभरच्या दूरध्वनिकेंद्रांत रूढ झाला. ह्या घटमालेचे धनाग्र जमिनीस जोडीत आणि ऋणाग्र तारेस. ह्यातही एक हिशेब होता. ओल्या जमिनीतून जाणाऱ्या तारेवर धन दाब असला तर तिचे तांबे विद्युद्विच्छेदनाने हळूहळू विरघळू लागते. ऋण दाबाखाली ते बचावते. ग्राहकाने श्रवणयंत्र उचलले की अँपिअरचा काही शतांश भाग एवढा अल्प प्रवाह वाहू लागे, आणि तेवढ्यावर संभाषण होई. शहराची वीज गेली तरी घट भरलेले असत; घट उतरू लागले तर केंद्राच्या आवारातील तेलाचे इंजिन सुरू करीत. ग्राहकाला ह्यातील कशाचीच वार्ता नसे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अगदी प्रारंभीच्या काळात, म्हणजे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ साली केंद्रे उघडली त्या सुमारास, टेलिफोनसाठी लागणारे घट ग्राहकाच्या घरीच ठेवावे लागत. ते उतरले की बदलण्यासाठी माणूस घरोघर हिंडे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात केंद्रात एकच समाईक बॅटरी ठेवण्याची पद्धत निघाली आणि घराघरांतील घट नाहीसे झाले. सुमारे शंभर वर्षांनंतर तेच ओझे पुन्हा घराकडे परत आले आहे. ते परत येण्याचे कारण म्हणजे काच.

तारेतून वीज, तंतूतून प्रकाश

काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश वळणे घेत नेता येतो, हे दाखविणाऱ्यांमध्ये एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदर सिंग कपानी ह्यांनी लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविण्याचे प्रयोग केले आणि १९५४ साली ते प्रसिद्ध केले. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्या अंतरातच विरून जाई. ह्या विरण्याला काच स्वतः जबाबदार नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्ये जबाबदार आहेत, असा निष्कर्ष चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी १९६६ साली मांडला. एक किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश उरला तरी तंतू दळणवळणास उपयोगी पडेल, असा त्यांचा अंदाज होता. आजच्या तंतूत एका किलोमीटरनंतर शंभरातील नव्वदाहून अधिक भाग उरतात. काव ह्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काच प्रकाशाला वाट देते, विजेला देत नाही. प्रकाशतंतूची सारी थोरवी आणि तिची एकमेव उणीव ह्या एका वाक्यात सामावलेली आहे. तांब्याची तार शब्दाबरोबर अन्नही पाठवीत असे. काचेचा तंतू केवळ शब्द पाठवितो. त्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या पेटीने आपले अन्न जिथे आहे तिथेच मिळविले पाहिजे. म्हणून पेटीचा अडॅप्टर भिंतीवरच्या खटक्यात खुपसावा लागतो आणि गावची वीज गेली की पेटी निजते.

ह्यावरून कोणास असे वाटेल की, वीज गेल्यावर घरापासून केंद्रापर्यंतची सारी वाटच बंद पडत असेल, आणि मग एकट्या घराने बॅटरी ठेवून काय साधणार? ही शंका रास्त आहे, पण बहुतांश ठिकाणी ती खरी ठरत नाही. घरोघर तंतू नेण्याची जी पद्धत सध्या भारतात सर्वाधिक रूढ आहे, तिच्यात केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागला जातो. ही विभागणी करणारी खांबावरची डबी म्हणजे काचेचीच एक करामत होय; नदीचे पाणी जसे पाटापाटांत वाटले जावे तसा तिच्यात प्रकाश वाटला जातो. तिला विजेची गरज नसते. केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो, घराकडून केंद्राकडे १३१० नॅनोमीटरचा जातो. हे दोन्ही डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रकाश आहेत. वीस किलोमीटरपर्यंतच्या ह्या वाटेवर विजेवर चालणारे असे काहीच नाही. केंद्रात बॅटऱ्या आहेत, जनित्र आहे. वाट स्वतः उपाशी राहू शकते. भूक लागते ती फक्त घरच्या पेटीला.

अपवाद आहेत, आणि ते ध्यानात ठेवले पाहिजेत. काही इमारतींत तंतू तळमजल्यापर्यंतच येतो आणि जिन्याखालील एका विद्युत् उपकरणातून पुढे तांब्याच्या दोऱ्या वर जातात. ते उपकरण इमारतीच्या विजेवर चालत असेल तर घरातील बॅटरीचा काही उपयोग नाही. बॅटरी जिन्याखालीही हवी. आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे कळण्यास फारसे पांडित्य लागत नाही. वीज गेलेली असताना पेटी बॅटरीवर चालवून पाहावी. तंतूच्या जोडणीचा दिवा स्थिर हिरवा राहिला तर वाट जागी आहे. तो लाल झाला तर दोष घराबाहेर आहे.

वीज अकस्मात गेली तरी अनेक पेट्या एक शेवटचे काम करून जातात. त्यांच्या आतील धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, निमिषभर पुरेल एवढी ऊर्जा शिल्लक असते. तेवढ्यावर पेटी केंद्राला एक संदेश धाडते की, माझी वीज गेली आहे, तंतू तुटलेला नाही. अभियंत्यांनी ह्या संदेशाला ‘अखेरचा श्वास’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी माणूस पाठवावा की वीज येण्याची वाट पाहावी, हे केंद्रातील कर्मचाऱ्यांना कळते.

पेटीचा आहार किती?

आता पेटीला लागणाऱ्या विजेचा हिशेब पाहू. अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट आणि १ अँपिअर असे छापलेले असते. म्हणजे १२ वॅट. पण हा अडॅप्टरच्या देण्याच्या ताकदीचा आकडा आहे, पेटीच्या खाण्याचा नव्हे. सामान्य घरगुती पेटी प्रत्यक्षात सहासात वॅटच घेते. जुन्या धर्तीच्या छतपंख्यास ७५ वॅटच्या आसपास लागतात, हे आठवले म्हणजे पेटीचा आहार किती अल्प आहे ते दिसेल. पेटी तीन तास चालवावयाची तर सात गुणिले तीन, म्हणजे एकवीस वॅट-तास ऊर्जा पुरे.

ज्या घरी इन्व्हर्टर आहे तेथे पेटी त्याच्यावर चालतेच, आणि चालवावीही. परंतु केवळ ह्या पेटीसाठी इन्व्हर्टर घेणे म्हणजे पोस्टकार्ड पोहोचविण्यासाठी बैलगाडी जुंपणे होय. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देते, ज्यास शाळेच्या पुस्तकांत दिष्ट प्रवाह म्हटलेले असते. इन्व्हर्टर त्याचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. तो प्रवाह भिंतीतील तारांतून अडॅप्टरपर्यंत जातो, आणि अडॅप्टर काय करतो? तर पुन्हा त्याचा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह बनवितो! निघालो तेथेच परत आलो, आणि दोन्ही वळणांवर थोडी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सांडली. शिवाय इन्व्हर्टर स्वतः जागा राहण्यासाठी काही वॅट खर्च करतो, आणि ते पुष्कळदा पेटीच्या आहाराहून अधिक भरतात. दिवे, पंखे चालू असताना हा खर्च जाणवत नाही. रात्रभर एकटी पेटीच चालवावयाची असेल तर गाड्याने बैलालाच खाऊन टाकले असे होते. आणखी एक अडचण अशी की, वीज गेल्यापासून इन्व्हर्टर भार उचलीपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. पंख्याला तो कळतही नाही, पण एखादी नाजूक पेटी तेवढ्यात विझून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि जोडणी परत मिळण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. पुष्कळ इन्व्हर्टरांवर संगणकासाठी निराळा खटका असतो. तो योग्य बाजूस केला म्हणजे हा अंश कमी होतो.

ह्याउलट, पेटीसाठीच बनविलेली लहान बॅटरी ही सारी वळणे टाळते. पुस्तकाएवढा हा डबा अडॅप्टर आणि पेटी ह्यांच्यामध्ये जोडावयाचा असतो. आत लिथियम-आयन जातीचे दोनचार घट असतात. अशा घटांचा सर्वांत प्रचलित आकार १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असून एकेकाचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते. इन्व्हर्टरची शिशाची मोठी बॅटरी पन्नास किलोंच्या घरात जाते. लिथियम घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. घट एकापुढे एक जोडून किंवा दाब चढविणाऱ्या मंडलाच्या साहाय्याने १२ व्होल्ट मिळविले जातात. वीज असेतोवर डबा अडॅप्टरकडून प्रवाह घेऊन पेटीला देतो आणि उरलेल्यावर घट भरतो. वीज गेली की तोच प्रवाह घटांतून येऊ लागतो. घट मंडलात आधीपासूनच जोडलेले असल्यामुळे मध्ये खंड पडत नाही, आणि पेटीला काही घडल्याचे कळतही नाही. ह्या जातीचे घट १९९१ साली प्रथम बाजारात आले. त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या आकड्याचा चकवा

ही बॅटरी विकत घेताना बहुतेकांची गफलत होते ती एका आकड्यात. डब्यावर ठळक अक्षरांत ‘६००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. ग्राहक मनाशी म्हणतो, सहा अँपिअर-तास गुणिले बारा व्होल्ट म्हणजे बहात्तर वॅट-तास; पेटी सात वॅट घेते; म्हणजे दहा तास निश्चिंती! प्रत्यक्षात पावणेतीन तासांतच पेटी विझते आणि दुकानदारास बोल लागतो. दुकानदाराने खोटे सांगितलेले नसते. आत प्रत्येकी २००० मिलिअँपिअर-तासांचे तीन घट आहेत आणि त्यांची बेरीज ६००० लिहिली आहे. पण ही बेरीज घटाच्या ३.७ व्होल्टांवरची आहे, पेटीच्या १२ व्होल्टांवरची नव्हे. सहा गुणिले ३.७ म्हणजे २२.२ वॅट-तास. त्यातील सुमारे पंधरा टक्के रूपांतरात गेले असे धरले तर एकोणीसच्या आसपास उरतात. एकोणीस भागिले सात, म्हणजे सुमारे पावणेतीन तास. शाळेत हे गणित फळ्यावर करून दाखविले तर विद्यार्थ्यांना अँपिअर-तास आणि वॅट-तास ह्यांतील भेद पुन्हा शिकवावा लागणार नाही. अँपिअर-तासावरून ऊर्जा कळत नाही. तो कोणत्या दाबावरचा हे ठाऊक असल्यावाचून तो आकडा अर्धवट आहे. डब्यावर वॅट-तास छापलेले असतील तर तेच पाहावेत.

दाब जुळविण्यात चूक झाली तर नुकसान वेळेपुरते राहत नाही. पेटीला ९ व्होल्ट हवे असताना १२ दिले तर ती कायमची जाऊ शकते. पेटी आणि डबा ह्यांच्या अंगावरचे आकडे ताडून पाहावेत. जोडदांड्याच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे दाखविणारी छोटी आकृतीही ताडावी. प्रवाहाचा आकडा मात्र डब्यावर अधिक असला तरी चालतो, कारण पेटी हवा तेवढाच प्रवाह ओढते.

काही घरांत एकाऐवजी दोन पेट्या असतात. पहिली तंतूतील प्रकाशाचे विद्युत् संदेशांत रूपांतर करते आणि दुसरी, जिला राउटर म्हणतात, ते संदेश बिनतारी लहरींनी घरभर पोहोचविते. पुष्कळ जण दुसरीला बॅटरी लावतात आणि पहिलीला विसरतात. मग वीज गेल्यावर मोबाइलवर लहरींची खूण भरघोस दिसते, पण एकही पान उघडत नाही. घरातील मंडळी सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देत बसतात आणि कोपऱ्यातील पहिली पेटी अंधारात मुकाट पडलेली असते. दोन्हींना बॅटरी हवी. एकाच डब्यातून दोन फाटे काढता येतात, मात्र तेव्हा दोघींच्या आहाराची बेरीज करून डबा निवडला पाहिजे.

लिथियमचे घट उष्णतेने लवकर म्हातारे होतात. वर्षभर पूर्ण भरून राहणे, तेही पेटीच्या उबेला खेटून, त्यांना मानवत नाही. म्हणून डबा पेटीवर न ठेवता शेजारी, हवा खेळती राहील असा ठेवावा. कापड, कागद किंवा परडीत तो झाकू नये. दोन-तीन महिन्यांतून एकदा मुद्दाम खटका बंद करून घड्याळ लावावे आणि पेटी किती वेळ चालते ते डब्यावरच चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. पहिल्या वर्षी पावणेतीन तास चालणारा डबा दोन वर्षांनी दीड तासावर आला, तर तो बिघडला नसून वयस्क झाला आहे. डबा फुगलेला दिसला तर मात्र क्षणभरही वापरू नये. तो उघडण्याचा किंवा टोचण्याचा मोह घातक आहे, कारण ह्या घटांतील द्रव ज्वालाग्राही असतो. जुन्या संगणकांतून काढलेले घट जोडून घरीच बॅटरी बनविण्याची हौस काही तरुणांना असते. कल्पकता वाखाणण्याजोगी असली तरी ज्या घटाचे वय आणि इतिहास ठाऊक नाही तो रात्रभर निजलेल्या घरात भरत ठेवणे शहाणपणाचे नव्हे. डब्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे ना हे पाहून घ्यावे. निकामी झालेले घट कचऱ्यात टाकावयाचे नसतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बॅटरी कोणी ठेवावी?

तीन तासांची ही सोय पुरेशी आहे काय, हे वीज का गेली ह्यावर अवलंबून आहे. तार दुरुस्त करण्यासाठी घेतलेली खोळंब्याची दुपार किंवा वळवाची सायंकाळ तिच्यात निभावते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील विद्युत् जाल कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भागही त्यात ओढले गेले आणि सुमारे साठ कोटी लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. तेव्हा वीज परत येण्यास कित्येक तास लागले. चक्रीवादळाची गोष्ट तर निराळीच. मे २०१९ मध्ये फनी वादळ पुरीजवळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२० मध्ये अम्फानने कलकत्ता आणि दक्षिण बंगालला झोडपले. दोन्ही वेळी कित्येक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. झाडे पडून तंतूही तुटले आणि मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपल्या. अशा प्रसंगी पुस्तकाएवढा डबा काय करणार?

तरीही रोजच्या लहान खंडांचे महत्त्व कमी लेखता येत नाही. घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती, जिच्या घराच्या आतल्या खोलीत मनोऱ्याच्या लहरी पोहोचत नाहीत आणि जिचा मोबाइल घरच्या पेटीतूनच बोलतो, तिला रात्री ११२ ह्या आपत्कालीन क्रमांकाची गरज लागली तर पेटी जागी असणे ही चैनीची गोष्ट राहत नाही. हा प्रश्न अन्य देशांतही उभा राहिला. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१५ साली नियम केला की, अशी दूरध्वनिसेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकास आठ तासांची, व पुढे चोवीस तासांची बॅटरी देऊ केली पाहिजे. किंमत मात्र ग्राहकाने द्यावयाची. ब्रिटनच्या नियामकाने २०१८ साली निदान एक तासाची अपेक्षा ठेवली. भारतात २०११ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतू जालाच्या योजनेत ग्रामपंचायतींत बसवावयाच्या उपकरणांबरोबर बॅटरी आणि सौरपट्टी ह्यांचीही तरतूद होती, ह्याचा अर्थ योजकांना ही अडचण ठाऊक होती. घरोघरच्या जोडण्यांत मात्र पेटी मिळते, अडॅप्टर मिळतो. बॅटरी बहुधा ग्राहकाने आपली आपण पाहावयाची असते. पूर्वी ४८ व्होल्टच्या घटमालेची निगा राखण्यासाठी प्रशिक्षित माणूस असे. आता ते काम घरातील कोणीतरी, बहुधा नववी-दहावीतील एखादा मुलगा किंवा मुलगी, पाहत असते.

सार्वजनिक ग्रंथालयात तर ह्या डब्याचे मोल घरापेक्षा अधिक होते. तेथे एका पेटीवर वीसपंचवीस वाचक विसंबून असतात, त्यांतील कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असते, कोणाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र उतरवून घ्यावयाचे असते, आणि मुदतीचा शेवटचा दिवस वीज पाहून येत नाही. वाचकांच्या हातातील मोबाइल आपापल्या बॅटरीवर चालू असतातच. कपाटावरची सात वॅटची पेटी तेवढी जागी राहिली की ग्रंथपाल खिडक्या उघडतात, वाचक उजेडाकडे खुर्च्या सरकवितात आणि काम पुढे चालू राहते.